कॅम्पस बघून आलो, आता मनाचं ऐकू की बाबांचं?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात

(ओळख पटेल असे तपशील आणि दोन्ही संस्थांची नावं गाळली आहेत.)

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातली अठरा वर्षांची मुलगी. वडील एसटीत वाहक, आई घरी शिवणकाम करते. इतर मागास वर्गातलं कुटुंब. बारावी आणि सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), दोन्हींत चांगले गुण. इंजिनिअरिंगला जायचं नक्की आहे आणि कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, पर्याय-अर्ज (हव्या त्या कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी) भरायची वेळ जवळ आली आहे. त्याआधी 'एकदा डोळ्यांनी बघून येऊ' म्हणून ती आणि वडील जूनमध्ये दोन विद्यापीठं बघून आले.

पहिलं शहरातलं जुनं शासकीय तंत्रज्ञान विद्यापीठ. फाटकावर रखवालदाराने हटकलं, कार्यालयात 'सगळं वेबसाइटवर आहे' एवढंच उत्तर मिळालं. प्रयोगशाळांना कुलपं, जिन्यातल्या भिंतींना ओल, मुलींच्या वसतिगृहात आत सोडलं नाही. दुसरं पुण्याबाहेरचं खासगी विद्यापीठ. स्टेशनवर घ्यायला बस, गार सभागृहात सादरीकरण, काचेच्या भिंतींची रोबोटिक्स लॅब, वसतिगृहाची नमुना खोली, दुपारचं जेवण, आणि सोबत फिरणाऱ्या समुपदेशक मॅडम. तिथे 'कॉम्प्युटर, एआय' मिळतंय. शासकीय विद्यापीठात गेल्या वर्षीचे कटऑफ बघता इलेक्ट्रिकलपर्यंत पोचेल असं दिसतं. खासगी विद्यापीठाने रविवारच्या आत पंचवीस हजार भरून जागा राखून ठेवायला सांगितलं आहे.

वडील म्हणतात, शासकीयच. ती लिहिते: "पहिल्या ठिकाणी आम्हाला कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. दुसऱ्या ठिकाणी आत पाऊल टाकताच वाटलं, हेच माझं कॉलेज. मनाला जे पहिल्यांदा वाटतं तेच खरं असतं ना? की मी फक्त चकचकाटाला भुलले?"

उत्तर

रविवारी पैसे भरू नका, एवढं तुला लगेच कळवलं होतं. त्यामागचं कारण आणि बाकीचं सगळं इथे सविस्तर लिहिते, कारण जून-जुलैत याच कात्रीत सापडलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील पुष्कळ असतात.

ज्या विद्यापीठाला तू आज हवी आहेस, त्याला तू दोन आठवड्यांनीही हवी असशील. 'रविवारपर्यंत' ही घाई त्यांची आहे. कॅपची यादी लागायच्या आत जागा भरलेल्या असाव्यात अशी त्यांची इच्छा असते. पैसे भरायची वेळ आलीच तर त्याआधी त्यांना ई-मेल कर: ही रक्कम कशापोटी घेताय, प्रवेश रद्द केला तर किती परत मिळेल, किती दिवसांत मिळेल? उत्तरही ई-मेलवरच माग. फोनवर दिलेलं आश्वासन नंतर कुठे दाखवता येत नाही. आणि गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवून येऊ नका. पडताळणी झाली की तिथल्या तिथे परत घ्यायची. संस्थांनी ती अडकवून ठेवू नयेत असा नियम आहे, पण एकदा हातातून गेली की नियम दाखवत फिरावं लागतं आणि तोवर पुढची फेरी निघून जाते.

आता तुझ्या मनात काय चाललंय त्याकडे येते. 'मी चकचकाटाला भुलले का' हे तू स्वतःला ज्या सुरात विचारलं आहेस त्यात अपराधीपणा आहे, आणि तो मला अनाठायी वाटतो. ज्या घरातून तू येतेस, तिथे कुणी तुझ्यासाठी स्टेशनवर गाडी पाठवणं, तुझं नाव विचारून त्या नावाने हाक मारणं, तुझ्या बाबांना 'सर, बसा' म्हणणं, याने मन भरून येणारच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुला जे वाटलं ते खरंच आहे. ते कशामुळे वाटलं एवढंच शोधायचं आहे.

त्या दिवशी तुला भेटलेली सगळी माणसं प्रवेश विभागाची होती. बसमध्ये, सभागृहात, जेवणाच्या टेबलावर. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाल्यावर यांच्यापैकी कुणीही तुला शिकवणार नाही, तुझं जर्नल तपासणार नाही, तोंडी परीक्षा घेणार नाही. जी माणसं हे करणार आहेत, त्यांच्यातलं एकही माणूस तुला भेटलं नाही. तुझ्या पत्रात एका प्राध्यापकाचा उल्लेख नाही, पुन्हा वाचून बघ. म्हणजे 'हेच माझं कॉलेज' असं जे वाटलं, ते कॉलेज अजून बघायचंच राहिलं आहे.

शासकीय विद्यापीठाचंही तसंच. तिथल्या जागा कॅपमधून भरतात. तुला फिरवून दाखवणं हे तिथे कुणाचं कामच नाही, त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला नाही. कुलपं होती, कारण तुम्ही जूनमध्ये गेलात. परीक्षा संपलेल्या, मुलं गावी गेलेली. वसतिगृहात आत सोडलं नाही, याचा तुला राग आला. पण चार वर्षं तिथे राहायचं झालं तर अनोळखी माणसाला दारातूनच परत पाठवणारी रखवालदार बाई तुझ्या आईला किती हवीहवीशी वाटेल, याचा विचार कर.

इथे लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. 'जुनं, ओल आलेलं, तुसडं, म्हणजे आतून सोनं' हा आपल्याकडचा लाडका समज आहे आणि तोही तितकाच तपासून घ्यावा लागतो. पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज 1854 साली सुरू झालं आणि 2022 मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं, मुंबईत माटुंग्याचं व्हीजेटीआय, तेही इंजिनिअरिंगचंच, 1887 सालचं. या संस्थांचा दबदबा पिढ्यान् पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी कमावलेला आहे. तो 'शासकीय' असा फलक लावलेल्या प्रत्येक इमारतीला आपोआप लागू होत नाही. काही शासकीय संस्थांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या शिक्षकांवर, भागवलं जातं. जिन्यातली ओल दुर्लक्ष करण्याजोगी असेलही, पण 'सगळं वेबसाइटवर आहे' म्हणणाऱ्या त्या खिडकीवर तुला बोनाफाईडसाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, गुणपत्रिकेतल्या चुकीसाठी चार वर्षं जावं लागणार आहे. ती नोंद खोडू नकोस. फक्त तिचं वजन किती, हे तिथल्या मुलींना विचारून ठरव.

आणि त्या मुली तुला भेटल्या आहेत! पत्राच्या शेवटी, जाता जाता, तू लिहिलं आहेस की जिन्यात दोघी जणी बसल्या होत्या, एकीने विचारलं 'कुठली गं तू?', आणि बाबांना बाटलीतलं पाणी दिलं. बस, रोबोट, सभागृह यांच्यावर तू अख्खं पान लिहिलंस आणि या दोघींवर एक ओळ. दोन्ही भेटी मिळून जे काही दिसलं, त्यात मला सगळ्यात मोलाची माहिती त्या एका ओळीत दिसते. कुणी सांगितलं नसताना, पगार मिळत नसताना, सुट्टीच्या दिवशी एका अनोळखी मुलीशी त्या बोलल्या. वसतिगृहात तुझ्या शेजारच्या खोलीत कशा मुली असतील याचा थोडा अंदाज त्यातून येतो. थोडाच, कारण त्या दोघीच होत्या. तशाच आणखी पाच-सहा जणींशी बोलायला हवं, आणि खासगी विद्यापीठातही तेवढ्याच जणींशी.

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट नाही, आणि ती नसणं मला खटकलं. फीचा आकडा. दोन्हीपैकी कुठल्याच संस्थेचा तू लिहिलेला नाहीस. परतीच्या गाडीत बाबा गप्प होते असं लिहिलंस आणि त्याचा अर्थ 'त्यांना माझं मन कळत नाही' असा लावलास. मला वाटतं ते हिशोब करत असावेत. एसटीच्या पगारात वर्षाला काही लाखांची फी बसवायची म्हणजे काय, हे त्यांनी तुझ्यासमोर मांडलं नसेल; पुष्कळ वडील मांडत नाहीत. तूच विचार. कागद-पेन घेऊन दोघे बसा.

त्या कागदावर एक गोष्ट ठळक लिहायची. राज्य सरकारने 8 जुलै 2024 ला निर्णय घेतला की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत. तू इतर मागास वर्गातली आहेस, म्हणजे ही सवलत तुझ्यासाठीच आहे. मात्र त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला हवा, आणि खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातल्या, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांवरच्या, प्रवेशालाही ती नाही. सभागृहातल्या सादरीकरणात 'शिष्यवृत्ती उपलब्ध' असं म्हटलं गेलं असेल, तर ती कुठली हे नेमकं विचार. बहुधा ती त्यांची स्वतःची, पहिल्या वर्षापुरती किंवा अमुक गुण टिकवण्याच्या अटीवरची असेल.

कॅपमधल्या विनाअनुदानित खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, आणि तिथे कॅपमधून गेलीस तर तुझी ही सवलत टिकते. म्हणजे 'शासकीय नाहीतर ते काचेचं' एवढेच दोन रस्ते तुझ्यासमोर नाहीत. मधे स्वायत्त (अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारी) खासगी कॉलेजं आहेत, अनुदानित आहेत, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं आहेत. नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेज तुझ्या घरापासून त्या मानाने जवळ आहे. दोन जागा बघून आल्यामुळे जगात दोनच जागा आहेत असं वाटायला लागतं. प्रत्यक्ष भेटीचा हा एक तोटाच आहे: जे बघितलं ते मोठं दिसतं, जे बघितलं नाही ते यादीतून गळतं.

कर्जाचं म्हणशील तर शैक्षणिक कर्ज मिळतं, पण साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. चार वर्षांची फी, वसतिगृह, मेस हे सगळं मिळून किती होतं ते बघ, आणि घरावर बोजा चढवायची वेळ येतेय का, हे बाबांना मोकळेपणाने विचार. कर्ज काढणं वाईट नाही. पण ते फेडायचं तुझ्या पहिल्या पगारातून, आणि त्या पगाराबद्दल तुला सभागृहात जे सांगितलं गेलं ते तपासलेलं हवं.

ते तपासायची सोय घरबसल्या आहे, आणि मला वाटतं पुष्कळ पालकांना ती ठाऊक नाही. केंद्र सरकारची उच्चशिक्षण संस्थांची एनआयआरएफ क्रमवारी 2016 पासून दरवर्षी निघते. क्रमांकाकडे फार बघू नकोस. त्या क्रमवारीसाठी प्रत्येक संस्थेने भरून दिलेल्या माहितीची पीडीएफ बघ. ती एनआयआरएफच्या आणि संस्थेच्या संकेतस्थळावर असते. त्यात चार वर्षांच्या पदवीचा एक तक्ता असतो: किती जणांना प्रवेश दिला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले. मध्यक पगार म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना त्याहून जास्त. तुला सभागृहात दाखवलेला चाळीस लाखांचा आकडा एका मुलाचा असतो. तू ज्या पगाराची अपेक्षा धरू शकतेस तो या तक्त्यात आहे. प्रवेश आणि वेळेत पास, या दोन आकड्यांमधलं अंतरही बघ. केटीत (नापास झालेल्या विषयांत) अडकून किती मुलं मागे राहतात ते त्यातून दिसतं. पुढे शिक्षकांची अख्खी यादी असते, त्यात पदव्या आणि रुजू झाल्याची तारीख. निम्मे शिक्षक गेल्या दोन वर्षांत आलेले असतील तर माणसं तिथे का टिकत नाहीत, हा प्रश्न विचारायला हवा. ही माहिती संस्थेने स्वतः दिलेली आणि सगळ्या शाखांची एकत्र असते, एवढं लक्षात ठेव. आणि एखादी संस्था या क्रमवारीत उतरलेलीच नसेल, तर मध्यक पगार ई-मेलने विचार.

शाखेसाठी वेगळं बघायचं ते एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन. नॅक हे दुसरं मानांकन अख्ख्या संस्थेचं असतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाचं. नव्या शाखेला ते मिळायला आधी मुलं पास होऊन बाहेर पडावी लागतात, त्यामुळे एआयच्या शाखेला नसेल तर तो दोष नाही. पण मग तुम्ही पहिल्या-दुसऱ्या तुकडीतले आहात आणि त्या शाखेचं अजून काही सिद्ध झालेलं नाही, हे माहीत असून जायचं.

शाखेचा प्रश्न खरं तर इमारतींच्या आड लपला आहे. मला शंका आहे की ती शासकीय इमारत तुला अधिक उदास वाटली, कारण तिथे 'फक्त' इलेक्ट्रिकल मिळणार होतं. तुला कॉम्प्युटर का हवं? वर्गातले सगळे म्हणतात म्हणून, नोकरी लवकर लागते म्हणून, की तू कधी दोन ओळींचा प्रोग्राम लिहून बघितलास आणि तो चालल्यावर मजा आली म्हणून? तिसरं कारण असेल तर ते जड आहे, आणि मी तुला 'शासकीय आहे ना, मग कुठलीही शाखा घे' असं कधीच सांगणार नाही. नावडता विषय चार वर्षं ओढत नेणारी मुलं मी पाहिली आहेत; चांगल्या संस्थेत असूनही त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पण पहिलं किंवा दुसरं कारण असेल, तर दोन्हीकडचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घे. पहिलं वर्ष सगळीकडे जवळपास सारखंच असतं, शाखेची खरी ओळख दुसऱ्या वर्षात होते. इलेक्ट्रिकलमध्ये सर्किट, मशीन्स, कंट्रोल सिस्टीम, आणि गणित भरपूर. विजेवर चालणाऱ्या गाड्या, सौर ऊर्जा, वीजवहन हे सगळं त्याच घरातलं. पुष्कळ ठिकाणी वीसएक जादा क्रेडिट घेऊन कॉम्प्युटरची मायनर, म्हणजे जोडीची दुय्यम, पदवी करता येते. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते का, किती जणांना मिळते, हेही विचार. पण 'बदलून मिळेलच' या भरवशावर प्रवेश घेऊ नकोस.

आणि कॉम्प्युटर घ्यायचंच ठरलं, तर एका वर्गात किती मुलं ते विचार. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांना शाखेतल्या जागा वाढवण्यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या काही ठिकाणी भराभर वाढल्या. परिषदेचा निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. त्या विभागात प्रत्यक्षात किती शिक्षक आहेत, हे मोजता येतं.

आता पुन्हा एकदा जा. दोन्हीकडे, न कळवता, आणि वर्ग भरलेले असताना. बऱ्याच ठिकाणी वरच्या वर्षांचे तास जुलैत सुरू होतात, तेव्हा तुझ्या हातात पुरेसा वेळ आहे. एकाच ठिकाणी जाण्याइतके पैसे असतील तर खासगीत जा, कारण शंका तिथल्या खर्चाची मोठी आहे. बस मागवू नकोस, रिक्षाने किंवा पीएमपीच्या शहर बसने जा; रोज तसंच जावं-यावं लागणार आहे आणि शेवटची बस किती वाजता, हेही कळेल.

आत गेल्यावर प्रयोगशाळेचं दार उघडं दिसलं तर विचारून आत डोकाव आणि यंत्रांऐवजी टेबलाकडे बघ. रोज वापरातल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या टेबलावर सोल्डरिंगचे काळे डाग असतात, ब्रेडबोर्डची भोकं सैल झालेली असतात, एखाद्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबला चिकटपट्टी लावलेली असते, आणि कोपऱ्यातल्या नोंदवहीत कुणी कुठलं उपकरण घेतलं याच्या सह्या असतात. वर्कशॉपमध्ये लेथच्या खाली लोखंडाचा कीस पडलेला असतो आणि तेलाचा वास येतो. हे दिसलं तर समजायचं, मुलं इथे हाताने काम करतात. तू लिहिलं आहेस की काचेच्या लॅबमधला रोबोट त्यांनी 'आज चालू करता येणार नाही' म्हणून लांबूनच दाखवला. कदाचित त्या दिवशी खरंच अडचण असेल. या वेळी दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचार, 'तू त्या रोबोटवर काय काम केलंस?'

मुद्दाम दुसऱ्या वर्षाचीच मुलगी गाठ. पहिल्या वर्षाच्या मुली अजून नवलाईत असतात, शेवटच्या वर्षाच्या निघायच्या घाईत. दुसऱ्या वर्षाची मुलगी मधोमध अडकलेली असते, ती खरं बोलते. 'कॉलेज कसं आहे?' असं विचारू नकोस, 'छान आहे' एवढंच उत्तर येईल. विचार: मागच्या आठवड्यात किती तास झाले नाहीत? प्रॅक्टिकलला एका संचावर किती जणी? निकाल किती दिवसांत लागला? सर्किट चालत नसेल तर कुणाला विचारतेस? बहिणीला इथेच घेऊन येशील का? या शेवटच्या प्रश्नावर ती किती वेळ थांबते तेही बघ.

वसतिगृहाबद्दल मी जरा जास्त लिहिते, कारण घरापासून लांब राहणाऱ्या मुलींचं पहिलं वर्ष सुधारतं किंवा बिघडतं ते पुष्कळदा तिथे. नमुना खोली बघून खूश होऊ नकोस. पहिल्या वर्षाच्या मुलींना कुठल्या इमारतीत ठेवतात, एका खोलीत किती जणी, हे विचार. पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, किती जणींमागे एक स्वच्छतागृह, रात्री आजारी पडलं तर कोण नेतं. आत यायची वेळ काय, आणि मुलांच्या वसतिगृहाची काय? अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असेल पण मुलींना साडेआठला आत यावं लागत असेल, तर ती अभ्यासिका तुझ्यासाठी नाही. अभ्यासिकेपासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता अंधार पडल्यावर एकदा चालून बघ, बाबांना बरोबर घेऊन. दिवे आहेत का, माणसांची वर्दळ आहे का, ते पायाखालून रस्ता गेला की कळतं.

हे सगळं झालं की पर्याय-अर्ज. मागच्या वर्षीचे कटऑफ बघून 'हे मिळेल, ते मिळणार नाही' असं ठरवत क्रम लावू नकोस. तुला जे सगळ्यात जास्त हवं ते वर, त्याहून कमी हवं ते खाली, इतकंच. गुणांत बसत नसलेला पर्याय वर ठेवल्याने खालचा पर्याय हातचा जात नाही. मात्र जागा आपोआप गोठण्याचा, म्हणजे मिळालेली जागा पक्की होऊन पुढच्या फेऱ्या बंद होण्याचा, नियम नीट वाच. 2025 च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही. म्हणून वरच्या सहा ओळींत 'असू दे' म्हणून काहीही टाकायचं नाही, मिळालं तर आनंदाने जाशील तेच लिहायचं. यंदाचं माहितीपत्रक सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आहे, बदल झाला असेल तर तो तिथे दिसेल.

माझा कौल हवा असेल तर सांगते. आज जेवढं माहीत आहे त्यावर, मी शासकीय विद्यापीठाचं इलेक्ट्रिकल त्या खासगी विद्यापीठाच्या वर ठेवेन, आणि दोन्हींच्या मधे कॅपमधल्या दोन-चार चांगल्या स्वायत्त कॉलेजांचं कॉम्प्युटर घालेन. कॉम्प्युटरची तुझी ओढ खरी निघाली तर ती कॉलेजं इलेक्ट्रिकलच्याही वर जातील. ते खासगी विद्यापीठ अगदीच बाद नाही. दुसऱ्या भेटीत तिथले शिक्षक आणि तिथल्या मुली मनापासून आवडल्या, आणि बाबांचा कागदावरचा हिशोब जुळला, तर तुझं ते पहिलं वाटणं बरोबर होतं असं मीही म्हणेन.

ज्यांचा अनुभव उलटा आहे, म्हणजे शासकीय कॅम्पसची झाडं, जुन्या दगडी कमानी, फलकावरची मोठी नावं बघून जे भारावून आले आहेत, त्यांनीही हेच प्रश्न विचारावेत. कमानीखालून गेल्यावर शिकवायला कोण आहे, हे त्यांनाही बघायचंच आहे.

आणखी एक, कारण हे दरवर्षी कुणाचं तरी राहून जातं. शासकीय संस्थेत प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालं असं नसतं. त्याचा अर्ज वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी, तारीख वेगळी, आणि जागा मुलींच्या संख्येपेक्षा कमी. प्रवेश नक्की झाला त्याच दिवशी तो अर्ज माग. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांच्या प्रती तयार ठेव. तहसीलला जायचं असेल तर याच आठवड्यात जाऊन ये, जुलैत तिथे रांगा लागतात.

तुझी,
सल्लागार ताई